दंतवैद्याची पदवीनंतरची शाळा

दाढ दुखूं लागली म्हणजे मनुष्याचें सारें लक्ष त्या एका दाढेंत जाऊन बसतें. रात्रभर लवंग चावून, मिठाच्या पाण्याच्या चुळा भरून व गालास हात लावून बसल्यावर सकाळीं तो निरुपायानें दंतवैद्याची पायरी चढतो. आणि खुर्चीवर बसतांच त्याच्या मनांत पहिला प्रश्न येतो तो असा कीं, 'हें दुखणार तर नाहीं ना?' दुसरा प्रश्न दाढ निघाल्यावर येतो: 'आतां या रिकाम्या जागीं काय?' या दोन प्रश्नांचीं उत्तरें दंतवैद्यकानें गेल्या सुमारें दीडशें वर्षांत शोधून काढिलीं. पहिल्याचें उत्तर म्हणजे स्थानिक भूल, जिला आपण व्यवहारांत 'दांत बधिर करणें' म्हणतों. दुसऱ्याचें उत्तर म्हणजे जबड्याच्या हाडांत बसविलेला टायटॅनियम धातूचा लहानसा मळसूत्री खिळा व त्यावर उभा केलेला दांत. यास हल्लीं सर्वत्र इंप्लांट म्हणतात.

या दोन्ही विद्यांची थोडी माहिती देण्याचा आमचा विचार आहे. परंतु त्या निवडण्याचें खरें कारण दुसरें आहे. या विद्या जेव्हां जगांत आल्या तेव्हां त्या वापरणारे बहुतेक लोक पदवी घेऊन मोकळे झाले होते. त्यांस पुन्हां बांकावर येऊन बसावें लागलें. आमचे विद्यार्थी आम्हांस वारंवार विचारतात, 'सर, हें आणखी किती वर्षें शिकावयाचें?' त्यांनीं दंतवैद्यांची हकीकत ऐकावी.

भूल दोन प्रकारची असते. एकींत सगळा मनुष्य बेशुद्ध होतो. दुसरींत मनुष्य जागा असतो व शरीराचा एक लहानसा भागच तेवढा झोपीं जातो. पहिलीच्या शोधांत दंतवैद्यच पुढें होते. अमेरिकेंतील हार्टफर्ड गांवचा दंतवैद्य होरेस वेल्स यानें १८४४ च्या डिसेंबरांत हंसविणाऱ्या वायूचा एक जाहीर खेळ पाहिला. वायु हुंगलेल्या एका माणसाच्या पायास लागलें, पण त्याला तें कळलेंच नाहीं, हें वेल्सच्या नजरेनें टिपलें, आणि दुसऱ्याच दिवशीं त्यानें तो वायु घेऊन स्वतःची दाढ काढविली. पुढल्या वर्षीं बोस्टनमध्यें केलेला त्याचा प्रयोग मात्र फसला. रुग्ण कण्हला व जमलेल्या मंडळींनीं वेल्सची हुर्यो केली. १८४६ सालीं त्याच शहरांत मॉर्टन या दुसऱ्या दंतवैद्यानें ईथर देऊन यश मिळविलें. हें सर्व खरें. पण एका दाढेसाठीं सगळा मनुष्य बेशुद्ध करावयाचा, हें एका घरची वात काढण्यासाठीं सारा गांव अंधारांत ठेवण्यासारखें होतें. पाहिजे होती ती दुसऱ्या प्रकारची भूल.

ती कोकेनपासून निघाली. दक्षिण अमेरिकेंतील कोका नांवाच्या झुडुपाच्या पानांतून हें द्रव्य निघतें. जर्मनींतील गटिंगेन येथें आल्बर्ट नीमान या रसायनज्ञानें १८६० च्या सुमारास तें शुद्ध स्वरूपांत वेगळें केलें. जिभेवर ठेविलें असतां जीभ बधिर होते, हें त्याच वेळीं लक्षांत आलें होतें. तथापि पुढें चोवीस वर्षें या गोष्टीचा कोणीं विशेष उपयोग केला नाहीं. १८८४ सालीं व्हिएन्नाच्या रुग्णालयांतील कार्ल कोलर नांवाच्या सव्वीस वर्षांच्या डॉक्टरास वाटलें कीं, जी वस्तु जीभ बधिर करते ती डोळाहि करील. त्यानें प्रथम बेडकाच्या, मग सशाच्या व कुत्र्याच्या आणि शेवटीं स्वतःच्या डोळ्यांत त्याचे थेंब घालून टांचणीनें स्पर्श करून पाहिला. डोळ्यास कांहीं कळलें नाहीं! ही वार्ता हायडेलबर्ग येथें १५ सप्टेंबर रोजीं भरणाऱ्या नेत्रवैद्यांच्या सभेंत सांगावयाची होती. पण कोलरजवळ तेथवर जाण्यापुरताहि पैसा नव्हता. त्याचा निबंध ब्रेटाउअर नांवाच्या दुसऱ्या डॉक्टरानें वाचून दाखविला. सभेस आलेले लोक हे कांहीं विद्यार्थी नव्हते. नांवाजलेले नेत्रवैद्य होते. ते एका गरीब व अपरिचित तरुणाकडून शिकले, आणि जें शिकले तें घेऊन आपापल्या देशीं गेले.

थोड्याच महिन्यांत न्यूयॉर्क येथें हाल्स्टेड नांवाच्या शस्त्रवैद्यानें त्याच्या पुढचें पाऊल टाकिलें. औषध दुखऱ्या जागीं न घालतां, त्या जागेची वार्ता मेंदूकडे नेणाऱ्या मज्जातंतूपाशींच सुईनें सोडलें तर त्याच्या पुढचा सगळा प्रदेश बधिर होतो, असें त्यानें खालच्या जबड्याच्या मज्जातंतूवर दाखवून दिलें. आज दंतवैद्य खालची दाढ बधिर करतो ती मुळांत याच रीतीनें. परंतु या ज्ञानाची किंमत भारी पडली. औषध आधीं स्वतःवर व आपल्या सोबत्यांवर करून पाहतां पाहतां हाल्स्टेड व त्याचे कांहीं सोबती कोकेनच्या व्यसनांत सांपडले. हें औषध घातक आहे हें कळल्यावर त्याची जागा घेणारें दुसरें शोधणें प्राप्त झालें. जर्मनींत आल्फ्रेड आइनहॉर्न यानें तयार केलेलें प्रोकेन १९०५ सालीं नोव्होकेन या नांवानें प्रचारांत आलें. हाइनरिख ब्राउन यानें अशा औषधांत अॅड्रिनॅलिनचा अंश मिसळण्याची युक्ति काढली. त्यामुळें जवळच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, औषध रक्ताबरोबर लवकर वाहून जात नाहीं व भूल पुष्कळ वेळ टिकते. पुढें १९४३ सालीं स्टॉकहोम येथें लोफग्रेन यानें लिडोकेन बनविलें. लुंडक्विस्ट या त्याच्या तरुण सहकाऱ्यानें तें स्वतःस टोंचून पाहिलें. १९४८ पासून तें बाजारांत आलें. आपल्याकडे यास लिग्नोकेन म्हणतात. तें प्रोकेनपेक्षां लवकर लागूं पडतें, अधिक वेळ टिकतें व क्वचितच कोणास बाधतें.

आतां हिशेब करा. जो दंतवैद्य १९०० सालीं बाविसाव्या वर्षीं पदवी घेऊन बाहेर पडला, त्यानें महाविद्यालयांत कोकेन शिकलें. सत्ताविसाव्या वर्षीं त्याला नोव्होकेन शिकावें लागलें. सत्तराव्या वर्षीं तो अजून खुर्चीपाशीं उभा असता तर लिग्नोकेन शिकावें लागलें असतें. मुंबईच्या नायर रुग्णालयाचें दंत महाविद्यालय १९३३ सालीं निघालें; तेथून आरंभींच्या वर्षांत बाहेर पडलेल्या कोणासहि लिग्नोकेनविषयीं एक अक्षर शिकविलें गेलें नाहीं, कारण तें औषध तेव्हां जन्मलेंच नव्हतें. तरी त्यांतील जे पुढें तीस तीस वर्षें काम करीत राहिले, त्यांनीं तें कोठून तरी शिकून घेतलें असलेंच पाहिजे.

हें औषध करतें काय? मज्जातंतु ही एक तार समजा. पण तांब्याच्या तारेसारखी नव्हे. त्याच्या आवरणांत अतिसूक्ष्म दारें असतात. वेदना उठली म्हणजे एका टोंकाचीं दारें उघडतात व बाहेरचे सोडियमचे विद्युद्भारित कण आंत घुसतात. त्यानें शेजारचीं दारें उघडतात, मग त्यांच्या शेजारचीं, आणि अशा रीतीनें वार्ता मेंदूपर्यंत पोंचते. लिग्नोकेन आवरणांतून आंत शिरतें व आंतल्या बाजूनें हीं दारें अडवून धरतें. दांत तुटत असतो, पण त्याची खबर वाटेंतच थांबते. कांहीं तासांनीं औषध रक्ताबरोबर निघून जातें व दारें मोकळीं होतात.

यावरून रुग्णांच्या एका नेहमींच्या गाऱ्हाण्याचा उलगडा होतो. 'गाल सुजला होता, डॉक्टरांनीं इंजेक्शन दिलें, तरी दुखलेंच,' असें पुष्कळ लोक सांगतात व दोष डॉक्टरांच्या हातास देतात. सुजलेल्या व पू झालेल्या जागीं आम्लता वाढलेली असते. आम्लांत या औषधाच्या बहुतेक कणांवर विद्युद्भार चढतो, आणि असा भारित कण मज्जातंतूच्या स्निग्ध आवरणांतून आंत जाऊं शकत नाहीं. दारापाशीं पोंचलाच नाहीं तर तो दार अडविणार कसें? अशा वेळीं दंतवैद्य कधीं सुजेपासून दूर, वरच्या अंगास मज्जातंतु गांठतो, तर कधीं आधीं सुजेवर उपाय करून दाढ पुढें काढतो. म्हणून 'आतांच्या आतां काढा' असा हट्ट धरूं नये, अशी पालकांस विनंति आहे.

वरच्या व खालच्या जबड्यांतहि फरक आहे. वरचें हाड सच्छिद्र असतें; दांताच्या शेजारीं हिरडींत औषध सोडलें तर तें झिरपून मुळापर्यंत जातें. खालचें हाड, विशेषतः दाढांजवळ, दगडासारखें घट्ट असतें. तेथें मज्जातंतु जबड्याच्या आंतल्या बाजूस ज्या छिद्रांतून हाडांत शिरतो, त्या छिद्रापाशीं सुई न्यावी लागते. आणि तें छिद्र डोळ्यांना दिसत नाहीं. बोटानें हाडाची कड चांचपून, समोरच्या दाढांवरून दिशा धरून अनुमानानें तेथें पोंचावयाचें! प्रत्येकाचा जबडा निराळा असल्यामुळें चांगल्या हातांनाहि कधीं कधीं अपयश येतें. म्हणूनच नव्या रीती निघत राहिल्या. ऑस्ट्रेलियांतील गो-गेट्स या दंतवैद्यानें १९७३ सालीं एक निराळी, अधिक वर जाणारी वाट सांगितली. तोंड मिटलेलें असतांना सुई कशी द्यावी, याची रीत वझिरानी यांनीं १९६० सालीं व अकिनोसी यांनीं १९७७ सालीं वर्णिली.

ही मिटल्या तोंडाची रीत आपल्या प्रांतास विशेष उपयोगी आहे, हें सांगावयास खेद वाटतो. सुपारी व गुटखा खाणाऱ्यांच्या गालांची आंतली त्वचा ताठर होत जाते व तोंड हळूहळू उघडेनासें होतें. पुढें पुढें दोन बोटेंहि आंत जात नाहींत. महाराष्ट्र सरकारनें २०१२ सालीं गुटख्यास बंदी केली. तथापि आधीं जडलेले रोग बंदीनें बरे होत नाहींत, आणि ही संवय किती कोवळ्या वयांत लागते हें शाळांबाहेरच्या टपऱ्या जाणतात. अशा रुग्णाची दाढ दुखूं लागली तर तोंड उघडून सुई देण्याची एकच रीत येणारा दंतवैद्य काय करणार? ज्यानें मिटल्या तोंडाची रीत मागाहून शिकून घेतली आहे, तोच त्याच्या उपयोगी पडतो.

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांसाठीं येथें थोडें अंकगणित घालतों. लिग्नोकेनचें द्रावण शेंकडा २ असतें, म्हणजे १०० मिलिलिटरांत २ ग्रॅम. अर्थात् एका मिलिलिटरांत २० मिलिग्रॅम. लहान मुलांसाठीं प्रचलित असलेली एक मर्यादा वजनाच्या दर किलोस ४.४ मिलिग्रॅम अशी आहे. मुलाचें वजन २० किलो असेल तर ८८ मिलिग्रॅम, म्हणजे ४.४ मिलिलिटर, ही झाली शेवटची रेघ. आपल्याकडे हें औषध पुष्कळदां ३० मिलिलिटरांच्या कुपींत येतें. त्या एका कुपींत ६०० मिलिग्रॅम असतें. कुपी आपण होऊन 'आतां पुरे' असें म्हणत नाहीं. तें गणित दंतवैद्याच्या डोक्यांत असावें लागतें, व मूल रडत असतांना, आई दारांत उभी असतांना आणि बाहेर दहा माणसें खोळंबलीं असतांना असावें लागतें. मर्यादा ओलांडली तर कानांत गुणगुणणें, बोबडें बोलणें, झटके, व पुढें श्वासावर व हृदयावर परिणाम, अशी संकटें येतात. अॅड्रिनॅलिनचें प्रमाण याच कुपीवर '१ : ८०,०००' असें लिहिलेलें असतें, म्हणजे ८०,००० मिलिलिटरांत १ ग्रॅम. एका मिलिलिटरांत किती मायक्रोग्रॅम झाले, हें विद्यार्थ्यांनीं स्वतः काढावें, उत्तर १२.५ आलें पाहिजे. शिवाय औषध सोडण्यापूर्वीं पिचकारीचा दट्ट्या किंचित् मागें ओढून रक्त येतें काय हें पाहावयाचें असतें, कारण हेंच औषध शिरेंत गेलें तर थोडेंहि फार होतें. या गोष्टी प्रत्येक दंतवैद्य महाविद्यालयांत शिकतोच. पण हजार वेळां कांहीं बिघडलें नाहीं म्हणजे हजार एकाव्या वेळीं हात आपोआप चालूं लागतो, दट्ट्या मागें ओढावयाचा राहून जातो. म्हणून शिकलेलेंच पुन्हां शिकण्याचे वर्ग असतात.

आतां दुसऱ्या प्रश्नाकडे वळूं. गेलेल्या दांताच्या जागीं दुसरा बसविण्याची हौस मनुष्यास फार पुरातन आहे. कवळी झाली, शेजारच्या दोन दांतांवर टेंकलेला पूल झाला. पण प्रत्यक्ष हाडांत धातु रोवला तर तो टिकत नसे. धातूभोंवतीं मऊ तंतूंचें वेष्टण तयार होई व तो हालूं लागे. धातु व जिवंत हाड यांची सोयरीक जमत नाहीं, अशीच शिकवण दंतवैद्यांस मिळत आली होती.

स्वीडनमधील लुंड येथें १९५२ च्या सुमारास पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे हाडांतील रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत होते. त्यासाठीं त्यांनीं सशाच्या पायाच्या हाडांत टायटॅनियमच्या लहान नळ्या बसविल्या. अभ्यास संपल्यावर त्या महागड्या नळ्या काढूं गेले, तों त्या निघेनात! हाड धातूस थेट चिकटून वाढलें होतें. टायटॅनियम हवेंत येतांच त्यावर त्याच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर बसतो. तो थर हाडाच्या पेशींस परका वाटत नाहीं व धातूस गंजूंहि देत नाहीं. दांतांवर काम करावयाचें हें ब्रोनेमार्क यांच्या मनांतहि नव्हतें; परंतु निघत नसलेल्या नळीवर रागावण्याऐवजीं ती कां निघत नाहीं, याचा त्यांनीं विचार केला. अनेक वर्षें प्राण्यांवर प्रयोग केल्यावर १९६५ सालीं गोथेनबर्ग येथें, जन्मतः जबड्यांत व्यंग असलेल्या एका मनुष्याच्या खालच्या जबड्यांत त्यांनीं असे खिळे बसविले. तो मनुष्य २००६ सालीं वारला. चाळीस वर्षांहून अधिक काळ त्यानें त्या दांतांनीं अन्न खाल्लें.

तरी पुष्कळ वर्षें विद्वान् मंडळी विश्वास ठेवीना, व ब्रोनेमार्क हे दंतवैद्य नव्हते याचाहि मोठा बाऊ झाला. अखेर १९८२ सालीं कॅनडांतील टोरंटो येथें जॉर्ज झार्ब या प्राध्यापकांनीं एक परिषद भरविली. झार्ब यांनीं ब्रोनेमार्कची रीत टोरंटोंतील रुग्णांवर स्वतः पडताळून पाहिली होती. उत्तर अमेरिकेच्या दंत महाविद्यालयांतील अध्यापक तेथें बोलाविले होते. ज्यांनीं आपल्या विद्यार्थ्यांस 'धातु हाडांत टिकत नाहीं' असें शिकविलें होतें, तेच तेथें बांकावर बसले, वर्षावर्षांचीं क्ष-किरणचित्रें पाहिलीं, आणि घरीं जाऊन उलट शिकवूं लागले. आम्हां शिक्षकांस ही गोष्ट विद्यार्थ्यांपेक्षां अधिक लागू पडते.

इंप्लांट बसविणें म्हणजे भिंतींत खिळा ठोकणें असें कोणास वाटूं नये. हाड जिवंत आहे. गिरमिट फिरतांना जी उष्णता उत्पन्न होते ती ४७ अंशांवर एक मिनिट राहिली तर हाडाची हानि होते, असें गोथेनबर्गच्याच एरिक्सन व अल्ब्रेक्टसन यांनीं १९८३ सालीं दाखविलें. म्हणून भोंक पाडतांना निर्जंतुक मिठाच्या पाण्याची धार चालू ठेवितात, गिरमिट सावकाश फिरवितात व धारदार ठेवितात. पुढें वाट पाहावी लागते. ब्रोनेमार्क यांच्या मूळ रीतींत खालच्या जबड्यांत तीन-चार महिने व वरच्यांत पांच-सहा महिने खिळ्यावर दांत बसवीत नसत. आंब्याचें कलम बांधून तें रोज सोडून पाहणाऱ्या माळ्याचें कलम जगत नाहीं, तसाच हा प्रकार आहे. हल्लीं कांहीं निवडक रुग्णांत दांत लवकर बसवितात. पण 'निवडक' कोण, हें ओळखण्यासच शिक्षण लागतें.

आणि सर्वांत नाजुक गोष्ट ही कीं, ज्या मज्जातंतूची हकीकत आपण वर पाहिली, तोच खालच्या जबड्याच्या हाडांतून दाढांच्या मुळांखालून जातो व पुढें ओंठास व हनुवटीस स्पर्शज्ञान देतो. खिळ्याचें टोंक व त्या मज्जातंतूची नळी यांत निदान २ मिलिमीटर अंतर राखावें, असा संकेत आहे. दोन मिलिमीटर म्हणजे ज्वारीच्या दाण्याच्या जाडीहूनहि कमी! तेवढी चूक झाली तर लिग्नोकेननें आलेली बधिरता जशी तीन तासांनीं जाते तशी ही जात नाहीं. कधीं कधीं ओंठ जन्मभर बधिर राहतो, चहा सांडला तरी कळत नाहीं. जुन्या सपाट क्ष-किरणचित्रांत हाडाची उंची दिसे, जाडी दिसत नसे. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत, म्हणजे १९९० नंतर, तिन्ही बाजूंनीं हाड दाखविणारीं कोन बीम सी. टी. यंत्रें आलीं, तें चित्र वाचणें ही पुन्हां एक नवीन लिपि शिकण्यासारखी गोष्ट आहे.

आपल्या देशांत हें शिक्षण कसें चालतें, तें थोडक्यांत सांगतों. हिंदुस्थानांतील पहिलें दंत महाविद्यालय डॉ. रफिउद्दीन अहमद यांनीं कलकत्त्यास १९२० सालीं काढिलें. ते स्वतः अमेरिकेंत आयोवा येथें शिकून आले होते, व १९२५ सालीं त्यांनीं दंतवैद्यांसाठीं नियतकालिकहि सुरू केलें. विद्यार्थ्यांसाठीं महाविद्यालय आणि पदवीधरांसाठीं नियतकालिक, हीं दोन्हीं कामें एकाच माणसानें पांच वर्षांच्या आंत हातीं घेतलीं, हें आम्हांस फार महत्त्वाचें वाटतें. पुढें १९४८ सालीं दंतवैद्यांचा कायदा झाला व त्यान्वयें १९४९ सालीं भारतीय दंतपरिषद स्थापन झाली. त्या परिषदेनें २००७ सालीं पदवीनंतरच्या शिक्षणाचे नियम केले, व व्याख्यानें व वर्ग यांस हजर राहून गुण मिळविण्याची पद्धति घालून दिली. २०२३ सालीं संसदेनें जुन्या कायद्याच्या जागीं राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदा संमत केला.

गुण मिळविणें व विद्या मिळविणें या दोन गोष्टी एक नव्हेत, हें परीक्षेच्या दिवसांत आमच्या शाळेंतहि दिसतें. शनिवार-रविवारीं एखाद्या हॉटेलांत व्याख्यान ऐकावें, प्लास्टिकच्या जबड्यांत दोन खिळे बसवावे, उत्तम जेवण करावें व सोमवारीं प्रमाणपत्र भिंतीस टांगावें, असेहि वर्ग असतात. त्यांतील कांहीं खिळे विकणाऱ्या कंपन्यांच्याच खर्चानें चालतात. ते सर्वस्वीं निरुपयोगी आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. डोळे उघडण्यापुरते ते चांगले. पण पोहण्यावरील व्याख्यान ऐकून कोणी विहिरींत उडी घेत नाहीं. खरें शिक्षण लांबट असतें. आधीं शरीररचना पुन्हां वाचावी, मग नमुन्याच्या जबड्यावर हात बसवावा, मग जाणत्याच्या शेजारीं उभें राहून पाहावें, मग तो शेजारीं उभा असतांना स्वतः करावें, आणि आपण केलेल्या कामाचीं चित्रें एकदोन वर्षांनीं त्याला दाखवून चुका ऐकून घ्याव्या. चाळीस-पन्नास वर्षांचा, गांवांत प्रतिष्ठा मिळविलेला मनुष्य आपल्याहून लहान शिक्षकापुढें ही शेवटची गोष्ट करतो तेव्हां त्याला पुष्कळ अभिमान गिळावा लागतो.

पालकांनीं दंतवैद्यास सौम्य शब्दांत विचारण्यास हरकत नाहीं: 'आपण हें काम कोठें व किती दिवस शिकलां? माझ्या रोगाची व औषधांची माहिती आपणांस हवी काय?' मधुमेह, रक्तदाब, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या व पूर्वीं कोणतें इंजेक्शन बाधलें होतें काय, हें तर न विचारतांहि सांगावें. तंबाखू ओढणाऱ्याच्या व मधुमेह आटोक्यांत नसणाऱ्याच्या जबड्यांत इंप्लांट धरण्याची शाश्वति कमी असते. शिवाय तो धातूचा असला तरी त्याच्या भोंवतालची हिरडी धातूची नाहीं. ती स्वच्छ न ठेविली तर तिला सूज येऊन हाड झिजतें व चांगला खिळाहि गळून पडतो. 'दांत आहेत तर चणे नाहींत, चणे आहेत तर दांत नाहींत,' या म्हणींतला दुसरा भाग इंप्लांटनें खोटा ठरतो; पण खर्च पाहतां पहिला भाग खरा होऊं नये एवढी काळजी घ्यावी. साधी चांगली कवळी अथवा पूल घेण्यांत कमीपणा मुळींच नाहीं. आणि ज्या दंतवैद्यानें इंप्लांटची विद्या नीट शिकलेली असते, तोच पुष्कळदां 'तुम्हांला याची गरज नाहीं' असें सांगतो.

शेवटीं मुलांपुरत्या दोन गोष्टी राहिल्या. दांत बधिर केल्यावर दोन-तीन तास ओंठ, गाल व जीभ यांस स्पर्श कळत नाहीं. लहान मुलें त्यांत गंमत मानून ओंठ चावीत बसतात व संध्याकाळीं तो सुजून फुटतो. तोंवर त्यांस चावून खाण्याचें कांहीं देऊं नये, गरम दूध-चहाहि देऊं नये.

दुसरी गोष्ट क्रीडांगणावरची. चेंडू लागून वा पडून पुढचा दांत निखळला तर 'इंप्लांट बसवून घेऊं' असें घरचे लोक म्हणतात. जबडा वाढत आहे तोंपर्यंत तें करतां येत नाहीं. वाढत्या झाडांत ठोकलेल्या खिळ्यासारखा तो होता तेथेंच राहतो, शेजारचे दांत हाडासह पुढें सरकतात, आणि तो आंखूड व वर राहिलेला दिसूं लागतो. त्यासाठीं विशीच्या आसपासपर्यंत थांबावें लागतें. म्हणून निखळलेला दांत हाच सर्वांत मोलाचा. दुधाचा दांत असेल तर तो परत बसवावयाचा नसतो. कायमचा असेल तर ताबडतोब शोधावा, पांढऱ्या भागास धरून उचलावा, मुळास बोट लावूं नये व तो घासूं नये. माती लागली असेल तर क्षणभर पाण्याखालीं धरून शक्य तर त्याच खांचेंत सरळ बसवावा व रुमाल चावून धरावा. तें न साधलें तर पेलाभर थंड दुधांत टाकून, पाण्यांत नव्हे, अर्ध्या तासाच्या आंत दंतवैद्याकडे पोंचावें. शाळेजवळच्या दुकानांत दूध कोठें मिळतें, हें खेळाच्या कर्णधारांनीं आजच पाहून ठेवावें.